वकील आजोबांची ट्रंक

प्रश्न : आमचे आजोबा खानापुरात वकिली करायचे. माळ्यावर त्यांची ट्रंक आहे. मोडी, मराठी, कन्नड, इंग्रजी, सगळ्या कागदांचा काला झालाय. मुलगा म्हणतो, "अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जेफरसनचे कागद जपतात, पणजोबांचे कोण विचारतो? मोबाइलवर फोटो काढू आणि रद्दीत घालू." काय करावं?
– एक वाचिका, खानापूर

उत्तर : ताई, रद्दीवाल्याला तूर्त परत पाठवा. मी बेळगावात वकिलांकडे ४० वर्षं कारकुनी केलेला माणूस. पहिल्यांदा एवढंच विचारीन, ट्रंकेतल्या दप्तरांत, म्हणजे बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, पक्षकारांची मूळ खरेदीखतं अडकलीत का? दावा संपला तरी निम्मे पक्षकार कागद न्यायला फिरकत नसत. वकीलपत्रावर नाव-गाव मिळेल. जांबोटी असो, नंदगड असो, वारस शोधून कागद पोचते करा आणि पोच घ्या.

जेफरसन म्हणाल तर तेही आधी वकीलच. १७७० च्या फेब्रुवारीत व्हर्जिनियातलं त्यांचं शॅडवेलचं घर जळालं, तेव्हा वय २६. मित्राला पत्रात लिहितात, पुस्तकं २०० पौंडांची गेली. त्याऐवजी तेवढे पैसे जळते तर उसासाही टाकला नसता. पुढच्या कोर्टासाठी काढलेली टिपणंही खाक. टिपणं कागदावर उतरवली की डोक्यातून काढून टाकायची, ही त्यांची सवय. (आमच्या साहेबांचीही तीच. फाईल सापडली नाही की उद्धार कारकुनाचा!) पुढे जेफरसननी नकलेचं दाबयंत्र घेतलं. खास शाईनं लिहिलेल्या पत्रावर ओलसर, पातळ कागद दाबायचा. अक्षरं उलटी उमटतात, ती कागदाच्या दुसऱ्या बाजूनं आरपार वाचायची. जुनी दप्तरं कुलपात कोंडून टिकत नाहीत, नकला वाढवल्यानं टिकतात, असं १७९१ मध्ये त्यांनीच लिहून ठेवलंय.

म्हणजे मुलाचं निम्मं बरोबर. फोटो काढाच, दोन ठिकाणी ठेवा. पण दोरी सोडण्याआधी दप्तरावरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या, आणि एका दप्तरातले कागद दुसऱ्यात मिसळू देऊ नका.

लॅमिनेशन मात्र नको. २०१९ च्या पुरात सदलग्याला आमच्या घरात पाणी शिरलं. मी मोठ्या हौसेनं लॅमिनेट केलेल्या खरेदीखतात कडेनं पाणी गेलं, शाई फुटली. प्लॅस्टिक सोलायला गेलो तर स्टॅम्पच त्याच्याबरोबर निघून आला.

सुती बासनात बांधा आणि ट्रंक फरशीवर टेकवू नका. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार?