पाळकसाहेब, मग त्या अभिवचनाचं काय झालं?

नोव्हेंबर आला, गावोगावच्या सिमितेरींत (ख्रिस्ती कबरस्तानांत) मेणबत्त्या लागल्या, की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळची सगळी पत्रं मरणाचीच आहेत.

माझे यजमान कॅन्सरने गेले. आजारपणात बरं होण्याची वचनं मी भिंतीवर लावली होती, उपास केले. आता आमच्या चर्चमधली एक बाई म्हणते, ‘तुमचा विश्वास कमी पडला.’ खरंच का? – एक भगिनी, म्हापसा

ताई, आधी त्या बाईचं बोलणं मनातून काढून टाका. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय उघडा. लाजर आजारी असल्याचा निरोप येशूला मिळतो, आणि तरी तो आहे तिथेच दोन दिवस थांबतो. बेथानीला पोचतो तोवर लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था तोंडावर म्हणते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मरियाही तेच म्हणते. तुमच्या अविश्वासामुळे भाऊ गेला, असं येशू दोघींपैकी एकीलाही सुनावत नाही. तो रडतो. थोड्याच वेळात लाजरला हाक मारून बाहेर बोलावणार आहे, तरी रडतो.

आणि तो उठलेला लाजरही पुढे कधीतरी मेलाच असणार, हे आपण विसरतो. दुसऱ्यांदा मार्था पुन्हा रडली असेल. तेव्हा तिच्या हाती काय उरलं? ‘पुनरुत्थान मीच आहे’ हा येशूचा शब्द. अभिवचन ते होतं. चार वर्षं वाढवून देण्याचा करार तिथे कुणी केला नव्हता.

शरीरातला काटा, म्हणजे एक पीडा, जावी म्हणून प्रेषित पौलाने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेल एवढंच उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायची त्या बाईंची छाती आहे का, विचारून बघा. (विचारू नका. भांडण होईल.) भिंतीवरची वचनं बघवत नसतील तर खुशाल कपाटात ठेवा.

व्हॉट्सअॅपवर रोज कुणीतरी यिर्मया २९:११ पाठवतं, देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत म्हणून. माझा मुलगा गेला. मला राग येतो. – एक वडील, वास्को

येणारच. पाठवणारे आदलं वचन कापून पाठवतात. ते वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं. हे पत्र बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद होऊन गेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं आहे आणि दहाव्या वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. पत्र ऐकणारा चाळिशीचा माणूस काय समजला असेल? की मी परत जाणार नाही. त्याच पत्रात देव त्यांना सांगतो, घरं बांधा, मळे लावा, तिथंच राहा. म्हणजे ते अभिवचन एका माणसाच्या आयुष्यात मावणारं नव्हतंच. इब्री लोकांस पत्रातही हेच आहे: अभिवचनांची फळं हाती न येता, ती दुरून बघूनच कितीतरी जण मेले.

पंडिता रमाबाईंचे दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, १८८२ साली नवरा, १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा. त्या १९२२ साली गेल्या, तोवर बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी टाकलं नव्हतं. त्यांना दुःख कमी झालं होतं म्हणून, असं मला वाटत नाही.

आम्ही प्रॉटेस्टंट. शेजारी २ नोव्हेंबरला सिमितेरीत चला म्हणतात. जावं का? – मडगाव

जा. ते मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करतात, आपण करत नाही. तो वाद कबरेपाशी काढायचा नसतो. मेणबत्तीबरोबर काडेपेट्या दोन न्या, वारा असतो.

इथे प्रार्थना कोकणीत नाहीतर इंग्रजीत. आई गेली, आणि मला मराठीत रडायचंय. – पणजी

रडा की. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने (येशूसंघाच्या धर्मगुरूने) ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ साली ती इथेच, राशोलला छापली गेली. लिपी रोमन, पण भाषा मराठी. तेव्हा या मातीला मराठी प्रार्थना परकी नाही. शोकासाठी मात्र स्तोत्रसंहिता घ्या. १३वं स्तोत्र ‘कुठवर?’ असं विचारत सुरू होतं आणि गाण्यावर येऊन थांबतं. ८८वं अंधारातच संपतं, आणि तसं असूनही ते पवित्र शास्त्रात राहिलं. मला ते फार जवळचं. अंत्यविधीला वाचायला घेतलं की घरचे ‘दुसरं घ्या ना’ म्हणतात, ते वेगळं.

मी हिंदू. शेजारच्या ख्रिस्ती बाईचं लेकरू गेलं. काय बोलू? – फोंडा

बायबलात लेकरं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. बोलायला लागले आणि बिघडलं. ‘देवाला आवडला’ एवढं म्हणू नका. लेकराचं नाव मात्र घ्या, लोक घाबरून तेच टाळतात. सातव्या दिवसाच्या मिसानंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर) घर रिकामं होतं, तुमच्यात तेराव्यानंतर होतं तसं. आठव्या दिवशी पेजेचं भांडं घेऊन जा. भांडं परत आणायच्या निमित्ताने आणखी एक फेरी होईल.