'पोटात दुखतंय, सिस्टर'

प्रिय मुली,

नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. मुलांच्या मानसिक आरोग्याचं शिकवायला सुरुवात कुठून करू, असं विचारलं होतंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या पोस्टिंगची वाट बघू नकोस. मुलांचं दुखणं आधी बालरुग्ण विभागात येतं, तेही पोटदुखी होऊन. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त-लघवी नॉर्मल, तरी दर सोमवारी शाळेच्या वेळेला पोट दुखतंच. नाहीतर टाइप १ मधुमेहाची चौदा वर्षांची मुलगी साखर वाढून पुन्हा दाखल होते, आणि नोंद होते 'इन्सुलिन घेत नाही'. डब्याच्या सुट्टीत मैत्रिणींसमोर सुई टोचून घ्यायची लाज वाटते, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले होते. साठांच्या वर्गात चार मुलं झाली ही.

विद्यार्थिनींकडून प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे पेशंटशी झालेल्या बोलण्याची शब्दशः नोंद, करून घेशील, तेव्हा मुलाचं बोलणं त्याच्याच शब्दांत, मराठीत लिहायला लाव. 'मला नैराश्य आलंय' असं कुठलं मूल म्हणतं? ते म्हणतं, 'कंटाळा आलाय', 'डोकं भणभणतं', 'घरी नको वाटतं'. याचं इंग्रजीत 'लो मूड' झालं की पुढचा प्रश्नच सुचत नाही. 'घरी नको वाटतं' हे वहीत जसंच्या तसं उतरलं, तर घरात काय चाललंय हे विचारावंसं वाटतं.

मी विद्यार्थिनी असताना विष प्यायलेली पंधरा वर्षांची मुलगी माझ्याकडे होती. 'असं करतात का गं, आईला काय वाटेल?' असं मी म्हणाले. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं, ते माझी ड्युटी संपेपर्यंत. तिच्याशी कसं बोलायचं, हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. तू शिकव. 'मरून जावंसं वाटतं का?' हा प्रश्न विद्यार्थिनींना एकमेकींना मोठ्यानं विचारायला लाव, जीभ अडखळायची थांबेपर्यंत. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला मोकळं वाटतं. उत्तर 'हो' आलं, तर मुलाला एकटं सोडायचं नाही. दुसरीकरवी इन्चार्ज सिस्टरना बोलावून घ्यायचं.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र कुणीही द्यायचं नाही. जिवाला धोका असेल किंवा कुणी अंगाशी वाईट वागत असेल तर मला सांगावंच लागेल, हे बोलणं सुरू होण्याआधीच मुलाला सांगायचं. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पोक्सो कायद्यानं (२०१२) बंधनकारकच आहे.

आणि तुझ्या विद्यार्थिनी एकोणीस-वीस वर्षांच्या, घर सोडून होस्टेलवर राहणाऱ्या. एखादीला त्या कॉटवर आपलीच धाकटी बहीण दिसेल, एखादीला ती स्वतःच. वॉर्डमधून परतल्यावर वह्या तपासायच्या आधी अर्धा तास त्यांच्यासोबत नुसती बस. जी गप्प राहील तिला नंतर एकटीला गाठ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पेशंटच्या आईबापांना द्यायला सांगशील, तेव्हा होस्टेलच्या फळ्यावरही लिहून ठेव.

पहिल्या बॅचच्या वह्या आल्या की फोन कर. आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
मॅडम