सुनावणीत बोललात, पण सहीचा कागद दिलात का?

मिनियापोलिसच्या एका उपनगरातून एका वाचकांनी लिहिलंय. सिटीने घरासमोरचा रस्ता नव्याने बांधला आणि त्यांच्या वाट्याला ११,४०० डॉलरचं स्पेशल असेसमेंट, म्हणजे त्या कामाच्या खर्चासाठी घरमालकावर बसवलेली आकारणी, आलं. सुनावणीला ते गेले, तीन मिनिटं बोलले, कौन्सिल मेंबरला ईमेलही केला. आकारणीचा ठराव मंजूर होऊन १२ दिवस झालेत. आता कोर्टात जाता येईल का, असं ते विचारतात. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की अशी पत्रं सुरू होतात आणि बहुतेकांची चूक एकच असते.

प्रॉपर्टी टॅक्स भरतोच, मग रस्त्याचं बिल वेगळं कशाला, ही तक्रार तूर्त बाजूला ठेवा. मिनेसोटाच्या कायद्याचं ४२९ वं प्रकरण शहरांना हा अधिकार देतं. कलम ४२९.०६१ मधली एक अट मात्र नीट वाचा. असेसमेंटच्या रकमेविरुद्ध अपील करायचं असेल, तर मालकाच्या सहीची लेखी हरकत सुनावणीआधी सिटी क्लर्ककडे (शहराचं दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दाखल झालेली हवी, नाहीतर सुनावणीतच अध्यक्षाच्या हातात दिलेली हवी.

गोंधळ होतो तो सुनावणीच्या नोटिशीमुळेच. तिच्यात छापलेलं असतं की लेखी वा तोंडी हरकतींचा विचार केला जाईल. लोक ‘तोंडी’ शब्द वाचतात आणि निवांत होतात. तोंडी हरकत कौन्सिल ऐकून घेतं, पण तिच्या जोरावर अपील होत नाही. सहीची अटही त्याच नोटिशीत पुढे छापलेली असते. हजारो डॉलर मागणारं दोन पानी पत्र शेवटपर्यंत न वाचणाऱ्यांना काय म्हणावं! ईमेलचं म्हणाल तर तो कौन्सिल मेंबरकडे गेला, क्लर्ककडे नाही, आणि त्यावर सही नाही. त्याच्यावर मी विसंबणार नाही.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की गल्लीतल्या २२ घरांनी एका अर्जावर सह्या करून तो मेयरना दिला होता. सुरुवात खरं तर इथून करायला हवी होती. तो अर्ज कोणत्या सुनावणीत दिला? रस्ता करायचा की नाही, यावरची सुनावणी आधी होते आणि कोणावर किती आकारायचे, यावरची नंतर. पहिल्या सुनावणीत दिला असेल, तर सिटी म्हणेल की ही प्रकल्पाला हरकत होती, रकमेला नव्हे. दुसऱ्या सुनावणीत दिला असेल, त्यात आकारणी जास्त असल्याचं लिहिलेलं असेल आणि खाली तुमची स्वतःची सही असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. घर दोघांच्या नावावर आणि सही एकाचीच असेल, तर तेही वकिलाला आधीच सांगा. उद्याच क्लर्ककडे दोन्ही सुनावण्यांची इतिवृत्तं, रेकॉर्डिंग आणि आलेल्या सर्व लेखी हरकतींच्या प्रती मागा.

हरकत न देण्याला ‘वाजवी कारण’ असेल तर कलम ४२९.०८१ सूट देतं. नोटीस पोस्टाने आलीच नसती, तर काही बोलता आलं असतं. तुम्ही तर सुनावणीला हजर होतात!

मुदत ठराव मंजूर झाल्यापासून ३० दिवसांची आहे, पत्र हाती पडल्यापासून नव्हे. म्हणजे तुमचे १८ उरले. या मुदतीत अपिलाची नोटीस मेयर किंवा क्लर्कवर बजावायची. इंजिनिअरिंग विभागात दिलेली चालत नाही. बजावल्यापासून १० दिवसांत ती डिस्ट्रिक्ट कोर्टात दाखल करायची. दुसरा टप्पा विसरणारेही भेटतात.

कोर्टात मुद्दा एवढाच की आकारणी घराच्या बाजारभावात रस्त्यामुळे झालेल्या वाढीपेक्षा जास्त आहे का. सिटीचा आकडा आधी बरोबर धरला जातो, तो खोडायचं काम तुमचं. ‘जुना रस्ता ठीक होता’ म्हणून भागत नाही. कामाआधीची आणि नंतरची किंमत सांगणारा अप्रेझर लागतो. त्याची आणि वकिलाची फी धरली, तर एकट्याने लढणं परवडेलच असं नाही. ज्या शेजाऱ्यांची हरकत रीतसर आहे, त्यांच्यासोबत एकच वकील आणि एकच अप्रेझर घेता येतो का पाहा. अपील हरलात तर खर्च तुमच्यावर बसतो, आणि जिंकलात तरी कोर्ट बहुधा ती आकारणी रद्द करून फेरआकारणीचा आदेश देतं.

ठरावानंतरच्या ३० दिवसांत पूर्ण रक्कम भरली तर व्याज लागत नाही. नाहीतर ती काउंटीकडे जाते आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात हप्त्याने व्याजासह येते. नंतर एकदम फेडायची झाल्यास १५ नोव्हेंबरच्या आत फेडा, नाहीतर पुढच्या वर्षअखेरपर्यंतचं व्याज लागतं. अपील करायचं असेल तर पैसे भरण्याआधी वकिलाला विचारा. बिल एकच दिसतं म्हणून ही मूळ रक्कम फेडरल टॅक्स रिटर्नमध्ये प्रॉपर्टी टॅक्स म्हणून वजा दाखवू नका, ती साधारणपणे घराच्या खरेदीखर्चात धरायची असते. अर्जाची प्रत हाती आली की सहीचं पान आणि तारीख आधी पाहा, आणि याच आठवड्यात ४२९ ची प्रकरणं चालवणारा स्थानिक वकील गाठा.