आजीच्या जुन्या सिंगर मशीनवरची सोनेरी नक्षी न घालवता काळी चकाकी परत कशी आणायची?

तुम्ही लिहिलंय की मशीनवर तपकिरी चिकट थर बसलाय, धुण्याच्या पावडरीच्या पाण्यानं पुसल्यावर ‘सिंगर’ची सोनेरी अक्षरं रुपेरी दिसायला लागली, आणि गॅरेजवाला म्हणतोय की घासून काळा स्प्रे मारून देतो. आधी ते पाणी बंद करा आणि गॅरेजवाल्याला नाही म्हणून टाका. बाकी सगळं सावकाश सुधारता येईल, पण धुतलेली आणि घासलेली नक्षी परत येत नाही.

मशीनच्या अंगावर काय काय आहे हे आधी कळलं की निम्मं काम झालं. सगळ्यात खाली बीड. त्यावर भट्टीत भाजलेलं ब्लॅक जपान, म्हणजे डांबर आणि जवसाच्या तेलाचं काळं कुळकुळीत लुकण. (रंगाच्या दुकानात याच नावाचा डबा मिळतो, पण तो हवेवर वाळणारा, त्याची जात वेगळी.) त्यावर सोनेरी छाप, कागदावरून उतरवलेली, केसापेक्षा पातळ. आणि सगळ्यात वर पारदर्शक लाख. तुम्हाला जी चकाकी आठवते ती या लाखेची. ही लाख त्या काळी जगभर मुख्यतः भारतातूनच जायची, म्हणजे तुमच्या मशीनवरची लाख सिंगरच्या स्कॉटलंडमधल्या कारखान्यात जाऊन परत आलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

लाख पाण्यात विरघळत नाही, पण पाणी मुरलं की पांढुरकी पडते. स्पिरिटमध्ये आणि क्षारात (अल्कलीत) मात्र ती विरघळते. धुण्याचा सोडा, साबणाची पावडर, अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा हे सगळे क्षारच. तुमच्या पावडरीनं वरची लाख खाल्ली, मग छापेचा पिवळसर थर खाल्ला आणि खालचं रुपेरी उघडं पडलं. सॅनिटायझर तर त्याहून वाईट, कारण त्यात स्पिरिट आणि पाणी दोन्ही.

तुमच्या मशीनवर लाखच आहे ना, हे तपासून घ्या. बेडच्या, म्हणजे मशीनच्या सपाट तळाच्या, खालच्या कडेला, जिथं कुणाला दिसत नाही अशा ठिकाणी कानकोरण्याच्या कापसाला स्पिरिट लावून दहा सेकंद टेकवा. जागा चिकट झाली आणि कापसावर मधासारखा डाग आला तर लाख. काहीच झालं नाही तर लॅकर किंवा एनॅमल. नंतरच्या बऱ्याच मशीनांवर ते असतं. त्यांना पुढची तेलाची सफाई आणि शेवटचं मेण एवढंच करा, लाखेच्या भानगडीत पडू नका. मशीनवर कोरलेल्या क्रमांकाची सुरुवात ‘एफ’ किंवा ‘वाय’ अक्षरानं असेल तर मशीन स्कॉटलंडमधल्या क्लायडबँकच्या कारखान्यातलं, साधारण १९१० ते १९३५ च्या दरम्यानचं. त्यावर बहुतेक लाखच निघेल.

बाहेरच्या अंगाला हात लावण्याआधी आतली यंत्रणा मोकळी करून घ्या, नाहीतर नव्या लाखेवर जुनं तेल ओघळेल. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, सुई काढून चाक पाच मिनिटं फिरवा, खाली गळालेली काळी घाण पुसा, रात्रभर ठेवून पुन्हा एकदा तेच करा. मग शिलाई मशीनचं पातळ तेल. रॉकेल तसंच राहू देऊ नका, त्यानं वंगण धुऊन जातं आणि गंज चढतो. खोबरेल किंवा गोडं तेल घालायची सवय घरोघरी असते आणि जाम झालेल्या मशीनचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. ती तेलं कालांतरानं घट्ट होऊन बसतात.

निकेलचे भाग स्क्रू खोलून वेगळे करा: डाव्या टोकाची नक्षीदार पट्टी, सुईखालची पट्टी, बॉबिनवरची सरकती झाकणी. पितळेच्या पॉलिशमध्ये बहुधा अमोनिया असतो, म्हणून हे भाग मशीनवर असताना ते लावायचं नाही. गंजाचे ठिपके चार शून्यांच्या, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टीलवूलनं आणि तेलानं हलक्या हातानं जातात. भांडी घासायची तारेची घासणी वापरू नका, तिनं निकेलवर ओरखडे पडतात.

आता खरं काम. सफाईला फक्त शिलाई मशीनचं स्वच्छ, बिनरंगी तेल. मशीन कोमट असलं तर बरं, सकाळच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटं पुरे. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात ठेवू नका. काळं बीड चांगलंच तापतं आणि लाख उष्णतेनं मऊ होते. सगळ्या अंगावर तेलाचा हात फिरवून अर्धा तास मुरू द्या. मग कापसाच्या बोळ्यावर पाच-सहा थेंब घेऊन एका वेळी दोन बोटांएवढीच जागा घ्या. गोल फिरवा, पण दाब शून्य, बोळ्याच्या वजनाएवढाच. घाण चहासारखी तपकिरी उतरते. बोळा बदला, पुन्हा फिरवा. एकाच बोळ्यानं पुढं गेलात तर त्यात अडकलेली कचकच नक्षीवर पॉलिशपेपरसारखी चालते.

बोळ्याकडे सारखं बघत राहा. तपकिरी आलं तर चालू ठेवा. सोनेरी चमक दिसली तर त्याच क्षणी हात उचला. तिथं लाख उरलेली नाही आणि छाप उघडी आहे. ती जागा कागदावर नोंदवून ठेवा, पुढं लागेल. घट्ट बसलेल्या ठिपक्यांवर नखानं खरवडायचा मोह होतो. त्याऐवजी तेलात भिजवलेला कापसाचा तुकडा त्यावर रात्रभर ठेवा, सकाळी बहुतेक सुटतो. सगळं मशीन असं साफ करायला दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. बरीच मशिनं इथंच इतकी सुंदर दिसायला लागतात की पुढं काही करूच नये असं मी सांगेन.

लाख चढवायची ती तीन कारणांसाठी: वरचा थर मगरीच्या पाठीसारखा बारीक तडकला असेल, पांढुरका पडला असेल, किंवा तुमच्यासारखी नक्षी उघडी पडली असेल. इथं लाखेचा मोठा गुण कामी येतो. नव्या लाखेतलं स्पिरिट जुन्या लाखेला थोडं विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. जुनं खरवडावं लागत नाही, तडे आपोआप मिटतात. पॉलियुरेथेनचं वार्निश यापैकी काहीच करत नाही. वर सालीसारखं बसतं आणि पुढं सालीसारखंच निघतं.

लाख चढवण्याआधी अंगावरचं तेल पूर्ण निघायला हवं, नाहीतर लाख धरत नाही, पाऱ्यासारखी गोळा होते. यासाठी मिनरल टर्पेंटाइन मऊ कापडावर घेऊन हलकेच पुसा. दुकानात नाव नीट सांगा. ‘थिनर’ मागितलंत तर बहुधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर हातात येईल आणि ते लाख, छाप, काळं लुकण तिन्ही एका पुसण्यात उचलेल.

लाखेचं प्रमाण पातळच हवं: १०० मिलिलिटर स्पिरिटला १२ ग्रॅम चपडी लाख. सुतारकामाचं सामान मिळतं तिथं दोन्ही मिळतं. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, मलमलीतून गाळा. तयार डबाबंद लाख किती जुनी आहे ते कळत नाही. काचेवर एक थेंब टाकून बघा. दोन तासांनीही बोट चिकटत असेल तर फेकून द्या, ती कधीच कडक होणार नाही.

उघड्या नक्षीच्या जागा आधी. तिथं गुंडी (कापसावर कापड बांधून केलेला लाखेचा बोळा) चालवायची नाही, कारण स्पिरिट आणि घासणं दोन्ही एकदम झालं तर छाप उठते. मऊ केसांच्या ब्रशनं एकच हात, एका दिशेनं, परत मागे नाही. तासाभरानं दुसरा, मग रात्रभर थांबून तिसरा. पहिल्या हाताआधी एखाद्या वेलबुट्टीच्या टोकावर करून बघा. सोनं विरघळतंय असं दिसलं तर ती जागा तशीच सोडा.

बाकी अंगाला गुंडी. अक्रोडाएवढा कापूस, त्यावर जुन्या धुवट सुती कापडाचा एक पदर, खाली एकही सुरकुती नको. कापड उलगडून आतल्या कापसाला लाख पाजा, गुंडी बांधा आणि कागदावर दाबून बघा: ओलसर ठसा उमटला पाहिजे, थेंब नाही. तळाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचं एकच बोट लावा, म्हणजे गुंडी अडकत नाही. घार झेप घेऊन वर जाते तशी गुंडी चालतच अंगाला टेकवायची आणि चालतच उचलायची. मशीनवर थांबलात की तिथल्या तिथं कापडाची वीण उमटते. चिकटायला लागली, ओढ जाणवली की थांबा. कडेनं मागं फिरून ‘एवढं एक नीट करतो’ म्हणाल तर बिघडवाल. डाग राहिला तर राहू द्या, उद्याच्या हातात तो मिटतो. दिवसाला तीन-चार हात, मध्ये अर्धा-अर्धा तास, असे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी नवी गुंडी स्पिरिटनं जेमतेम ओली करून झरझर फिरवा, वर आलेलं तेलाचं धुकं निघून जाईल.

पावसाळ्यात हे काम काढू नका. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की लाख वाळतानाच पांढरी पडते. पडलीच तर घाबरू नका, कोरड्या दिवशी स्पिरिटच्या गुंडीचा एक हात दिला की बहुतेक जाते. आणि खोलीत देव्हाऱ्यातलं निरांजनसुद्धा नको, खिडक्या उघड्या ठेवा; या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतं, हातमोजे घाला.

टवके उडून बीड दिसत असेल तर गंज तेल-स्टीलवूलनं काढा, टर्पेंटाइननं पुसा, आणि लाखेत दुकानातली कोरडी काजळी कालवून बारीक ब्रशनं खड्डा भरा. एकदम भरला तर आत मऊ राहतो, म्हणून चार-पाच पातळ थर, रोज एक. डोळ्यांत घालायचं काजळ चालत नाही, त्यात तूप किंवा एरंडेल असतं.

गेलेली नक्षी सोनेरी पेननं गिरवू नका. सुईसमोरच्या कडेची वेलबुट्टी गेलेली असणारच, वर्षानुवर्षं तिथूनच कापड सरकलंय. तशाच नमुन्याच्या नव्या छापा मिळतात, पण त्या नीट बसवायच्या तर जुनी सगळी काढावी लागते, आणि तुमच्याकडे अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. तुमची रुपेरी पडलेली अक्षरं लाखेखाली थोडी पिवळसर होतील. पूर्ण सोनेरी होणार नाहीत.

लाख पक्की व्हायला आठवडा द्या. मग सिलिकॉन नसलेलं मेणाचं पॉलिश, अगदी थोडं. लाकडी झाकणावरही बहुधा लाखच असते, तीच गुंडी तिथं चालते. गाडीचं कटिंग पॉलिश मात्र कुठंच नको.

जवसाचं तेल लागलेली कापडं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि काडी न लावताही पेटू शकतात. दोरीवर मोकळी पसरून कडक वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.