एंडोमेट्रिओसिसचं हार्मोनचं औषध लागू पडतंय का, हे योनीतल्या पेशींवरून कळतं का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढतंय, आणि त्यासाठी चार महिन्यांपासून ल्युप्रोलाइडची (अंडाशयातलं इस्ट्रोजेन थांबवणारं औषध) इंजेक्शनं चालू आहेत, आणि योनीतल्या पेशी तपासल्या की आजार किती कमी झाला ते कळेल, असं कुणीतरी सांगितलंय. मी सायटॉलॉजीच्या, म्हणजे पेशींच्या तपासणीच्या, स्लाइड्स बघते. त्या पेशींवरून आजार किती उरलाय ते कळत नाही. शरीराला इस्ट्रोजेन, म्हणजे या आजाराला पोसणारं स्त्री-हार्मोन, किती मिळतंय, त्याचा अंदाज येतो.

योनीचं अस्तर इस्ट्रोजेनवर वाढतं. इस्ट्रोजेन भरपूर असलं की वरच्या थरातल्या पेशी गळतात, मोठ्या, चपट्या, केंद्रक टिंबाएवढं. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनचा जोर असला की मधल्या थरातल्या जास्त दिसतात. इस्ट्रोजेन फार उतरलं की तळाजवळच्या छोट्या गोल पेशी येतात. पेशी मोजून या तिन्हींचं शेकडा प्रमाण लिहितात, तो मॅच्युरेशन इंडेक्स. ही विद्या जुनी आहे. १९१७ साली स्टॉकार्ड आणि पापानिकोलाउ या संशोधकांनी गिनिपिगचं प्रजननचक्र याच पेशींवरून ओळखलं होतं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पॅप टेस्ट नंतरची.

आता तुमच्या बहिणीचं. या इंजेक्शनानंतर सुरुवातीला इस्ट्रोजेन उलट वाढतं, मग कोसळतं. चौथ्या महिन्यात स्लाइडवर तळाच्या पेशी भरपूर दिसल्या, तर औषधाने अंडाशय शांत केलंय इतकंच म्हणता येईल. आणि लोकांना वाटतं तसं, जितक्या जास्त तळाच्या पेशी तितकं चांगलं, असं मुळीच नाही! इस्ट्रोजेन तितकं खाली राहिलं की हाडं झिजतात, अंगातून गरम वाफा येतात. बार्बिएरी या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेला विचार मला फार पटतो: रक्तातलं इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) साधारण ३० ते ५० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवलं तर आजार दबतो आणि हाडंही बऱ्यापैकी सांभाळली जातात. म्हणूनच इंजेक्शनासोबत थोड्या हार्मोनच्या गोळ्या जोडून देतात. बहिणीला त्या दिल्यात का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एवढं असूनही आज ही तपासणी कुणी नेमाने करत नाही, आणि ते बरोबरच आहे. जंतुसंसर्ग असला की पेशींचं प्रमाण बिघडतं, योनीत लावायच्या मलमानेही बिघडतं. शिवाय नमुना योनीच्या वरच्या भागातल्या बाजूच्या भिंतीवरून घ्यावा लागतो. पॅप टेस्टसाठी गर्भाशयमुखावरून घेतलेली स्लाइड याला चालत नाही, त्यामुळे जुना पॅपचा रिपोर्ट काढून त्यात उत्तर शोधू नका.

औषध लागू पडतंय का, हे बहिणीच्या दुखण्यावरूनच ठरतं. ओटीपोटातलं दुखणं, शौचाच्या वेळची कळ, संबंधाच्या वेळचा त्रास, रोज दहापैकी किती, ते वहीत लिहायला सांगा. चॉकलेट सिस्ट (या आजारात अंडाशयात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) असेल तर तिचं माप सोनोग्राफीत घेतात. आणि कधी नमुना घ्यायची वेळ आलीच, तर इंजेक्शनं चालू आहेत हे आधीच सांगा. अस्तर पातळ आणि कोरडं झालेलं असतं, खरवडताना झोंबतं. लहान आकाराचा स्पेक्युलम (तपासताना योनी उघडी ठेवणारं उपकरण) मागितला तर बराच फरक पडतो.