वाचक विचारतात : पुस्तक एकच, मग निवड कोण करतं?

प्रश्न : मी नास्तिक. माझी ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, बायबलशिवाय नीती टिकत नाही. मी गुलामगिरीचा दाखला दिला, तर म्हणाली, 'तो काळ वेगळा होता.' शिवाय दर भेटीत येशूविषयी सांगतेच. काय करू?

उत्तर : मीही देव मानत नाही, पण बायबल दोनदा सलग वाचलंय. तुमचा दाखला खरा आहे. बायबलमधल्या 'लेवीय' या पुस्तकात (२५:४४-४६) परक्या राष्ट्रांतले दास विकत घ्यायला आणि मुलांना वारशात द्यायला स्पष्ट मुभा आहे. काळ वेगळा म्हणून ती पुसली जात नाही. पण तिथंच थांबू नका. बायबलमधलंच 'अनुवाद' नावाचं पुस्तक (२३:१५) सांगतं, पळून आलेला दास धन्याच्या हवाली करू नकोस. ब्रिटनमध्ये १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी आणण्यासाठी झटणारा विल्बरफोर्स श्रद्धाळू ख्रिस्ती होता. १८४५ मध्ये अमेरिकेतले सदर्न बॅप्टिस्ट, म्हणजे बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे दक्षिणेकडचे लोक, याच प्रश्नावर वेगळे झाले, तेही गुलाम बाळगणाऱ्यांच्या बाजूनं. पुस्तक एकच. मग त्यातलं काय घ्यायचं, हे कशाच्या आधारे ठरतं? मैत्रिणीला हे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मला या वादातला हाच प्रश्न मोलाचा वाटतो.

धर्मप्रसाराचं म्हणाल, तर मत्तय २८:१९ ('सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा') ही तिच्यासाठी आज्ञा आहे. तुमच्या काळजीपोटीच ती बोलत असणार. पण १ पेत्र ३:१५ म्हणतं, विचारणाऱ्याला उत्तर द्या, सौम्यतेनं आणि आदरानं. 'मी विचारीन तेव्हा सांग,' असं सरळ म्हणा. मी एका मित्राला हेच म्हटलं होतं. त्यानं पाळलं. दोन वर्षांनी मीच विचारलं.