साक्षांकनातला तो रकाना

जानेवारीत 1600 मीटर धावायला पाच मिनिटं आठ सेकंद. मार्चमध्ये पाच पंचवीस. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाच पंचेचाळीस. पोलीस भरतीच्या अकॅडमीतल्या सरांनी हे आकडे वहीच्या कागदावर लिहून मुलाच्या हाती दिले आणि त्याला माझ्याकडे धाडलं. फोनवर एवढंच म्हणाले, "रक्त तपासलं, पाय दाखवले, सगळं नॉर्मल आहे. पोरगं आतून कुठंतरी अडकलंय. बघा तुम्ही."

ही 2024 सालची गोष्ट. बार्शीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत भरतीची तयारी करणारी मुलं-मुली नेहमीच येतात. बहुतेकांची चिंता उंचीची, वयाची किंवा घरच्या बोलण्याची असते. या मुलाची चिंता वेगळी होती, पण दर भरतीला ती चार-दोन जणांच्या तोंडून ऐकू येते, म्हणून लिहिते आहे. त्याला आपण रामेश्वर म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या आकड्यांचं वजन भरतीबाहेरच्या वाचकाला कळावं म्हणून सांगते. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर धावणं 20 गुणांना, 100 मीटर 15 आणि गोळाफेक 15. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं की वीसच्या वीस, तिथून पुढे दर वीस सेकंदांना गुण गळतात. मैदानीत निम्मे गुण मिळवायचे, शिवाय एका जागेमागे दहा जण या हिशेबात बसायचं, तेव्हा 100 गुणांच्या लेखीला बोलावणं येतं. त्या वर्षी राज्यात 17 हजारांवर जागा होत्या आणि अर्ज 17 लाखांवर. अशा रांगेत पाच आठचा पाच पंचेचाळीस होणं म्हणजे पोरगं जवळजवळ बाहेर.

पहिल्या दोन भेटींत तो झोपेबद्दल बोलला. रात्री साडेतीनला डोळा उघडतो, मग छातीत धडधड. पाचला मैदानावर जायचंच असतं म्हणून तो तसाच उठून शूज घालायचा. तिसऱ्या फेरीपर्यंत ठीक, चौथ्या फेरीत पाय जड. मी श्वासाचे व्यायाम दिले, मोबाईलची वेळ बदलायला सांगितली. फरक पडला नाही. तिसऱ्या भेटीत उठता उठता, दाराच्या कडीला हात लावून तो म्हणाला, "मॅडम, माझ्यावर केस आहे."

मी म्हटलं, "बस रे. चहा सांगते."

केस बांधाची होती. जून 2019. पेरणीच्या तोंडावर चुलत्यानं बांध कोरला म्हणून रामेश्वरच्या वडिलांनी, अण्णांनी, ट्रॅक्टर अडवला. शिवीगाळ झाली, दोन्हीकडची माणसं धावली, मारामारी झाली. चुलत्यानं पोलीस ठाणं गाठलं. अण्णा, थोरला भाऊ आणि रामेश्वर, तिघांची नावं फिर्यादीत आली. रामेश्वर तेव्हा 19 वर्षांचा.

त्याला एकच गोष्ट विचारायची होती. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना भरून घेतात. त्यात विचारलेलं असतं, तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर खटला चालला आहे का, एखादं प्रकरण न्यायालयात प्रलंबित आहे का. तिथं 'होय' लिहायचं की 'नाही'?

"सगळे म्हणतात, लिहिलं की संपलं. अकॅडमीतला एक जण म्हणतो, पडताळणीत सगळं निघतंच. अण्णा म्हणतात, 'कोण बघतंय पाच वर्षांमागलं? लिवून कशाला वढवून घ्यायचं?' मी रोज चौथ्या फेरीला त्या रकान्याशी येतो, मॅडम."

हे शेवटचं वाक्य मी माझ्या वहीत तसंच लिहून ठेवलं आहे. पाय का जड होतात, ते त्याचं त्यानंच सांगितलं होतं. जी गोष्ट मिळाल्यावर आपण पकडले जाऊ असं वाटतं, तिच्याकडे माणूस जोरात धावत नाही.

मी त्याला उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "केस कोणत्या कलमांखाली आहे?"

त्याला माहीत नव्हतं. पाच वर्षं ज्या कागदानं त्याची झोप खाल्ली, तो कागद त्यानं एकदाही वाचला नव्हता. एकदा कोर्टात जाऊन सही केली होती, जामीन झाला होता, त्यानंतर तारखा वकील आणि अण्णा बघत होते. असं मी फार वेळा पाहते. गावाकडं 'केस झाली' या दोन शब्दांत काहीही बसतं. कुणाची नुसती एनसी असते, म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपाससुद्धा करू शकत नाहीत. कुणावर कलम 107 ची, म्हणजे शांतता भंगू नये म्हणून केलेली, चॅप्टर केस झालेली असते आणि शांतता राखण्याचा बाँड दिलेला असतो. मुलं ती केस धरतच नाहीत, पण साक्षांकन नमुन्यात बंधपत्राबद्दलही विचारलेलं असू शकतं. (नव्या कायद्यात त्या कलमाचा आकडा 126 झाला आहे, बाकी गोष्ट तीच.) आणि कुणावर खरोखर दोषारोपपत्र गेलेलं असतं. तिन्हींची भीती सारखीच मोठी असते, पण उत्तर तिन्हींचं वेगळं आहे.

म्हणून आमचं पहिलं काम कागद मिळवणं. मी वकील नाही आणि मुलांना कायद्याचा सल्ला देण्याचं धाडस करत नाही. पण कागदापर्यंत जायला लागणारं बळ देणं हे माझंच काम आहे. फिर्यादीची प्रत घ्यायला तो पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन परत आला. ज्याला उद्या त्याच ठाण्यात ड्युटी करायची आहे, त्याला आत पाऊल टाकवेना. तिसऱ्यांदा अकॅडमीचे सर बरोबर गेले. दोषारोपपत्राची नक्कल तालुका कोर्टातून वकिलांनी काढून दिली. कलमं निघाली 324, 323, 504, 506 आणि 34, म्हणजे धोकादायक साधनानं दुखापत, मारहाण, शिवीगाळ, धमकी आणि हे सगळं मिळून केल्याचा आरोप. प्रकरण प्रलंबित. पुढची तारीख कधी, हे त्यानं ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतः शोधलं. त्या दिवशी रात्री तो पाच तास सलग झोपला. लिहायचं की नाही हे अजून ठरलं नव्हतं तरीही.

मला वाटलं, आता सुटलं. नव्हतं सुटलं.

पुढच्या भेटीत मी 'खोटी केस' असा शब्द वापरला. घरचे, मित्र, सर, सगळे तोच वापरत होते, मीही वापरला. तो मान खाली घालून बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "खोटी नाही मॅडम. धोंडा मीच मारला होता."

तो धोंडा चुलत भावाच्या कपाळाला लागला होता. चार टाके. दोघे एका वर्गात शिकलेले, सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं एकत्र पळणारे. भरतीचं वेड मुळात त्या भावाचं. या मारामारीनंतर दोन घरांचं बोलणं बंद झालं आणि भाऊ पुण्याला कंपनीत कामाला गेला.

इथं मी थांबते, कारण या कामात माझ्याकडून होणारी चूक इथंच आहे आणि पालकांकडूनही तीच होते. मुलाला धीर द्यायच्या नादात आपण म्हणतो, "तुझं काही चुकलं नाही रे." त्यानं काय केलं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. आपल्या त्या एका वाक्यानं तो आणखी एकटा पडतो, कारण आता खरं बोलायची जागाही गेली. रामेश्वरला माफीचं सर्टिफिकेट नको होतं. कुणीतरी ऐकून घेऊन खुर्चीवरून न उठणं हवं होतं. त्या दिवशी आम्ही भरतीबद्दल एक शब्द बोललो नाही. त्यानं भावाच्या कपाळावरच्या वणाचं वर्णन केलं. गेल्या दिवाळीत एसटी स्टँडवर त्याला लांबून दिसला होता.

त्यानंतर लिहायचं की लपवायचं, या प्रश्नाकडे आम्ही नीट वळलो. वकिलांनी त्याला जे समजावलं ते मी इथं देते, कारण चहाच्या टपरीवर याची फार उलटसुलट माहिती फिरते.

टपरीवरचा पहिला दाखला असतो सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या संदीप कुमार प्रकरणाचा. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होऊ पाहणाऱ्या त्या तरुणानं अर्जात जुनं भांडणाचं प्रकरण लिहिलं नव्हतं, तरी न्यायालयानं त्याचं वय बघून त्याच्या बाजूनं निकाल दिला. मुलं एवढंच सांगतात. पुढे साक्षांकन नमुन्यात त्यानं स्वतःहून ते उघड केलं होतं, हे कुणी सांगत नाही. दुसरा गैरसमज 'निर्दोष सुटलो की झालं' हा. 2013 मध्ये मेहर सिंग प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की पोलीस दलासाठी नुसती सुटका पुरेशी नाही, ती कशी झाली हेही खातं बघू शकतं. आणि 2016 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं अवतार सिंग प्रकरणात हे सगळं एकत्र मांडलं. माहिती खरी द्यायची, दडवायची नाही. प्रकरण किरकोळ असेल आणि उमेदवारानं ते खरेपणानं लिहिलं असेल, तर खटला चालू असतानाही निकालाच्या अधीन राहून नेमणूक देण्याची मुभा खात्याला आहे. नेमणूक द्यायलाच हवी, असं मात्र त्यात नाही.

म्हणजे खरं लिहिलं तर खातं विचार करतं, लपवलं तर लपवणं हाच वेगळा दोष होतो. गुन्हा पाच वर्षांमागचा असतो, पण खोटं आजचं असतं, आणि तेही पोलीस होण्यासाठी बोललेलं. नमुन्याच्या माथ्यावरच छापलेलं असतं की खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता समजली जाईल.

सगळ्यांचं गोड होतं असं मी सांगणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं सगळं खरं लिहिलं आणि त्याची निवड रद्द झाली, कारण त्याच्यावरचा गुन्हा गंभीर होता. त्याच्याबरोबर बसून रडण्यापलीकडे मला त्या आठवड्यात काही करता आलं नाही. आज तो दुसऱ्या नोकरीत आहे. उलट एक मुलगी 17 व्या वर्षीच्या एका किरकोळ प्रकरणापायी दोन भरत्या अर्जच करत नव्हती. तिला वकिलांनी 2015 चा बाल न्याय कायदा दाखवला. कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाला त्या प्रकरणामुळे पुढे अपात्रता लागू नये, असं त्याच्या कलम 24 मध्ये म्हटलं आहे. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या अतिशय गंभीर गुन्ह्यांचा. दोन वर्षं गेली होती तिची, नुसती न विचारल्यामुळे.

ज्यांच्या मनात असा कागद आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच, की तो आत्ता काढा, यादी लागल्यावर नाही. यादीनंतर नमुना भरायला थोडे दिवस मिळतात, त्यात घरचे, मित्र, शेजारी सगळे कानाशी येतात आणि घाबरलेला हात 'नाही' लिहून जातो. नमुन्यातला प्रश्न शब्दन् शब्द वाचा, जे विचारलं आहे त्याचं उत्तर द्या, कलमं आणि प्रकरण क्रमांक कागदावरून उतरवा, आठवणीतून नको. वकिलाला दाखवा. ज्यांना वकिलाची फी झेपत नाही, त्यांच्यासाठी तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं विचारा.

रामेश्वरचं मैदान जुलैत झालं. 1600 मीटर पाच बारामध्ये. दोन सेकंदांनी दोन गुण गेले, पण गोळ्यानं हात दिला आणि लेखी चांगली गेली. यादीत नाव आलं. त्यानं नमुन्यात सगळं लिहिलं. त्याची नेमणूक बाकीच्यांबरोबर झाली नाही. मित्र ट्रेनिंगला गेले, हा घरी. त्याला कार्यालयात बोलावून कागद मागितले, प्रश्न विचारले. त्या महिन्यांत तो दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे यायचा. काळजीत असायचा, पण झोपेची तक्रार पुन्हा केली नाही. अखेर खटल्याच्या निकालाच्या अधीन राहून त्याला नेमणुकीचा आदेश मिळाला. तारखा अजून चालू आहेत.

नमुना भरला त्या रात्रीची हकिकत त्यानं मला बऱ्याच नंतर सांगितली. अण्णांना वाचता येत नाही. ते महिनाभर घरात धुसफुसत होते, लिहू नकोस म्हणत होते. नमुना द्यायच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाले, "काय लिवलंस, वाच."

त्यानं वाचलं. पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलमं, शेतीच्या बांधावरून झालेल्या भांडणात चुलत भावास दगड मारून जखमी केल्याचा आरोप, प्रकरण प्रलंबित.

अण्णा खूप वेळ तंबाखू चोळत बसले. मग म्हणाले, "मार म्हणून मी वरडलो हुतो. ते न्हाई लिवलंस."

"ते विचारलेलं नाही अण्णा," तो म्हणाला.

सकाळी तो उठला तेव्हा अण्णा अंगणात नव्हते. पाच वर्षांत पहिल्यांदाच ते चुलत्याच्या वस्तीकडे गेले होते.